मध्ये थांबलं की पहिल्यापासून

बाबा शर्टाची बटणं लावत असताना त्यांना हाक मारायची नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. मारलीच, तर ते लावलेली सगळी बटणं काढायचे आणि पुन्हा गळ्यापासून सुरुवात करायचे. बुटांच्या नाड्यांचं तेच, अंथरुणावर चादर घालण्याचं तेच. गोष्ट सांगत असले आणि मी मध्येच "मग?" म्हटलं, तर अर्ध्या जंगलात पोचलेला राजपुत्र पुन्हा जन्माला यायचा. दादा तर मुद्दाम करायचा. शाळेला उशीर व्हायला हवा असला की बाबा बूट घालत असताना निरागस चेहऱ्यानं विचारायचा, "बाबा, किती वाजले हो?" आई कपाळावर हात मारून घ्यायची.

"मध्ये थांबलं की पहिल्यापासून," बाबा शांतपणे म्हणायचे आणि नाड्या सोडायचे. ते कधी चिडले नाहीत. आमच्या घरात चिडण्याचं खातं माझ्याकडे होतं, आणि मी ते मन लावून सांभाळलं.

बाबा एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत नोकरीला होते. तळमजल्यावर धुलाईखान्याला लागून ती लांबट खोली. मधोमध कमरेएवढ्या उंचीचं टेबल, तिन्ही भिंतींना मांडण्या, आणि वाफेचा, साबणाचा, इस्त्रीचा एक गरम वास. चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे झगे, सगळं धुऊन तिथे यायचं आणि घडी होऊन वर जायचं. ऑपरेशनच्या झग्याची घडी सोपी नसते. डॉक्टरनं हात धुतल्यावर झग्याच्या बाहेरच्या बाजूला बोट न लावता तो अंगात घालता आला पाहिजे. म्हणून आतली बाजू बाहेर, नाड्या आत, गळा वर. निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये भरतानाही आधी लागणार ते वर आणि शेवटी लागणार ते तळाशी. बाबांचा ड्रम उघडून नर्सनं डोळे मिटून हात घातला तरी हवं तेच हाती यायचं. सगळं हॉस्पिटल त्यांना घडीमास्तर म्हणायचं.

तिथे एक सर्जन होते, ज्यांच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला माणसाला आधी आजारी पडावं लागे. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "या इमारतीत न चुकणारा माणूस एकच आहे, आणि तो खाली चादरींत बसतो." आईला हे एका नर्सनं सांगितलं. आईनं जेवताना कौतुकानं विषय काढला, तर बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकत कोण नाही," एवढंच म्हणाले आणि ताट अर्धवट ठेवून उठले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला वाटलं, काय हे, माणसाला साधं कौतुकही पचत नाही.

घड्या ते युद्धात शिकले होते. बाबा हवाई दलात होते, पण विमान चालवायला नव्हते. ते पॅराशूट बांधायचे. त्यांच्यातला शब्द 'छत्री'. त्यावरून माझी शाळेत शोभा झाली होती. बाईंनी विचारलं, तुझे वडील युद्धात काय करायचे, आणि मी अभिमानानं सांगितलं, छत्र्या बांधायचे. "दांड्या बदलून द्यायचे का गं?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खो खो हसला. मी पाय आपटत घरी आले. बाबांनी माझी समजूत काढली नाही. पलंगावरची चादर काढली, जमिनीवर पसरली आणि छत्री कशी बांधतात ते दाखवलं.

एका ओळीत आठ लांब टेबलं, आठ माणसं. टेबलावर रेशमी कापड लांबलचक पसरायचं. दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, मोजायच्या. मग कापडाची एकेक कळी दुसरीवर घालायची, डावीकडे जेवढ्या तेवढ्याच उजवीकडे. घडी सुटू नये म्हणून तिच्यावर शिशाच्या गोळ्यांच्या लहान पिशव्या ठेवायच्या. हातानं दाबत दाबत आतली हवा काढायची. दोऱ्या नागमोडी बसवायच्या. शेवटी पिशव्या काढून मोजायच्या, कारण एक जरी आत राहिली तरी वरून उडी मारणारा माणूस गेला. मग सगळं जाड कापडाच्या पिशवीत बसवून तिच्या चार पाकळ्या मिटायच्या, पिना, लाल दोरा, आणि आतल्या कार्डावर स्वतःची सही. आणि सगळ्यात मोठा नियम तोच: बांधताना मध्ये थांबायचं नाही. कुणी हाक मारली, शिंक आली, भोंगा वाजला, काहीही झालं तरी थांबलात की सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. मग दुसरी."

छत्री बांधून झाली की बाबांचं युद्ध संपायचं. ती कोण घेऊन गेलं, कुठे उघडली, याबद्दल तोंडाला कुलूप.

आता माझ्या दुखण्याकडे येते. दादाच्या वाढदिवसाला बाबा हमखास घरी असायचे. रजा काढायचे, त्याला घेऊन फिरायला जायचे. माझ्या वाढदिवसाला ते सकाळी मी उठायच्या आत निघून जायचे आणि दिवेलागण झाल्यावर यायचे. सुट्टीचा वार असला तरी. मला भेट आईच्या हातून मिळायची, तीही आईनंच आणलेली. एकदा मी दारात आडवी उभी राहिले होते, सात वर्षांची असेन. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला उचलून बाजूला ठेवलं आणि गेले. "काम असतं गं," आई म्हणायची. पण दरवर्षी त्याच दिवशी कुठलं काम निघतं, हे तिलाही सांगता यायचं नाही.

यातून मी काय अर्थ काढला ते कुणालाही कळेल. मुलगा झाला तेव्हा आनंद, मुलगी झाली तेव्हा तोंड कडू. मी हे मनात धरून मोठी झाले. बाविसाव्या वर्षी, नोकरीचं पत्र हातात असताना, कशावरून तरी खटका उडाला आणि मी बोलून टाकलं, "मी झाले ते तुम्हाला आवडलंच नव्हतं. सरळ सांगा ना एकदा." बाबा पांढरेफटक पडले. "तसं नाही गं," म्हणाले. पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबले, पण आलं नाही. त्यानंतर मी त्यांना विचारलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, बाबांनी माझ्या दोन्ही मुलांची दुपटी अशी घडी घालून ठेवली की उलगडायला जीव होऊ नये, आणि तरी माझ्या वाढदिवसाला ते घरात नसायचे. निवृत्त झाले तरीसुद्धा. त्या दिवशी ते हॉस्पिटलच्या त्याच खोलीत जाऊन बसायचे आणि दिवसभर फुकट घड्या घालायचे. नवीन माणसांना त्याची सवय झाली होती. मला झाली नव्हती.

माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी सकाळी माहेरी गेले. बाबा अर्थातच नव्हते. आई आणि मी चहा घेत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ, काठी डाव्या हातात, शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांनी बाबांचं नाव घेतलं. "मी त्याच्या शेजारच्या टेबलावर होतो. डाव्या म्हणायचे मला. डावरा होतो ना."

बाबांचा युद्धातला माणूस आमच्या दारात पहिल्यांदाच आला होता. आईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मी आपलं ओळख करून द्यायची म्हणून म्हटलं, "मी त्यांची मुलगी. तुम्ही अगदी दिवस साधून आलात, आज माझा वाढदिवस."

काकांनी पेला खाली ठेवला. "माहीत आहे," म्हणाले. "तुझा वाढदिवस आम्हा आठ जणांना पाठ आहे, पोरी."

मग त्यांनी सांगितलं. ते सारखे थांबत होते.

युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. आई बाळंतपणाला माहेरी होती. सकाळी दहाच्या सुमाराला त्या लांब खोलीत आठ टेबलांवर आठ छत्र्या अर्ध्या बांधून झाल्या होत्या. एरवी काम चालू असताना आत यायला ऑफिसरलाही बंदी. पण तार घेऊन आलेला माणूस नवखा होता. त्यानं दार ढकललं आणि तिथूनच बाबांना हाक मारून ओरडला, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." बाबांचे हात थांबले. मग सगळ्यांचेच थांबले. बाकीचे सातही जण टेबलं सोडून बाबांभोवती गोळा झाले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पाठीत धपाटे घातले. सार्जंट म्हणजे जमदग्नी, पण त्यानंही नियम मोडल्याबद्दल शिव्या घालायच्या ऐवजी सगळ्यांना चहा सांगितला. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग सगळे आपापल्या टेबलाशी परत आले.

"आणि?" मी विचारलं.

"तेच तर," काका म्हणाले. "पहिल्यापासून सुरू केलं का मी? केलंच असणार. नेहमीच करायचो. पण रोज करतो ती गोष्ट कुणाच्या लक्षात राहते? बाहेर पडल्यावर माणसाला वाटतं ना, कुलूप लावलं का आपण? तसं."

चार दिवसांनी एक विमान पेटलं आणि त्यातून पाच जण बाहेर पडले. चार छत्र्या उघडल्या. पाचवी बाहेर आली पण फुलली नाही, दोऱ्या गुंतल्या होत्या. तो मागच्या तोफेवरचा पोरगा, वीस वर्षांचा. काकांना तो नीट आठवत होता. उड्डाणाला जाणारे सगळे छत्री घ्यायला खिडकीशी यायचे, तेव्हा प्रत्येकाची भीती वेगळी दिसायची. एकजण पिशवीवर तीनदा टिचकी मारायचा. एकजण तिच्याकडे बघायचाच नाही, तोंड फिरवून हात पुढे करायचा. एक भलामोठा वैमानिक होता, तो आदल्या उड्डाणातून आल्यावर बाहेर भिंतीमागे जाऊन ओकायचा, तोंड धुवायचा आणि शीळ घालत पुढची छत्री मागायचा. हा पोरगा मात्र परत आला की खिडकीत छत्री ठेवून म्हणायचा, "ही घ्या तुमची वस्तू. वापरली नाही." एकोणीस वेळा त्यानं अशी परत दिली.

तो दलदलीत पडला. कार्डाचा भिजून लगदा झाला होता, सही वाचता येईना. त्या दिवशी विमानं घाईनं निघाली होती, कुणाला कुठली छत्री दिली ते वहीत लिहिलंच गेलं नव्हतं. चौकशी झाली. कारण निश्चित सांगता येत नाही, असं लिहून कागद मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी सार्जंटनं आठही जणांना उभं केलं. बांधणाऱ्यानं स्वतः बांधलेली छत्री घेऊन अधूनमधून उडी मारायची, अशी तिथली पद्धतच होती. सार्जंट म्हणाला, आज सगळ्यांनी. म्हणजे उद्यापासून हात कापणार नाहीत.

"तुझ्या बापानं माझ्या आधी उडी मारली," काका म्हणाले. "खाली आला तो हमसून हमसून रडत. मला वाटलं, घाबरला. तर म्हणाला, माझी उघडली रे डाव्या, मग त्याची का नाही उघडली? आणि तासाभरानं टेबलाशी उभा. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बांधत होतो. हजारो बांधल्या. आमच्या खोलीतली एकही पुन्हा गुंतली नाही. हात कधी कापले नाहीत. बराकीत आल्यावर मात्र त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. मी लावून द्यायचो."

 आई उठून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"मी आज त्याला एवढंच सांगायला आलोय," काका म्हणाले, "की त्या पोराची छत्री माझी होती. डॉक्टरांनी मला फार मुदत दिलेली नाही. त्याआधी कुणाला तरी सांगायला हवं. तुझ्या बापाला सांगितलं की झालं."

मी मूळची चिडकी, पण चिडायचं कुणावर तेच कळेना. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरला होता ती मुळात तशी नव्हतीच. मी काकांना रिक्षात बसवलं आणि हॉस्पिटलला घेऊन गेले.

बाबा टेबलाशी उभे राहून चादर घडी करत होते. मी दारात थांबले. माझ्यामुळे त्यांचे हात थांबायला नकोत असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. त्यांनी घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली, वर पाहिलं आणि डाव्याकाकांना ओळखलं. दोघांनी मिठी वगैरे मारली नाही. बाबांनी स्टूल पुढे सरकवलं.

काकांनी पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही. ती माझी होती."

"तुझी कशी असेल?"

"बातमी माझी. थांबलो आधी मी. चित्त माझं ठिकाणावर नव्हतं."

"माझं तरी कुठे होतं? मी चहात साखर किती पडली तेही बघितलं नव्हतं."

"तू डावरा. तुझ्या दोऱ्या उलट्या वळणाच्या. सार्जंटनं नुसत्या बघून ओळखल्या असत्या."

"गुंतलेल्या दोऱ्यांना कसलं आलंय वळण? काहीतरीच बोलतोस."

दोन म्हातारी माणसं एका मेलेल्या पोरावरून हमरीतुमरीवर आली होती, आणि दोघंही तो आपलाच म्हणत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. मग काका जरा दबकत म्हणाले, "आपल्या आठांतल्या लंब्यानं जायच्या आधी मला पत्र लिहिलं होतं. ती त्याची होती म्हणून. मी त्याला खोटं पाडलं नाही. म्हटलं, मरणाऱ्याशी काय वाद घालायचा."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "लंब्यापण?"

"लंब्यापण. बाकीच्यांचं कुणी विचारलंच नाही."

मला राहवलं नाही. "ती छत्री त्याच सकाळची होती, हे तरी कशावरून?" मी म्हटलं. "मांडणीवर सबंध आठवड्याच्या असतील ना? आणि विमान पेटलेलं असताना उडी मारणाऱ्याच्या दोऱ्या वरच गुंतल्या नसतील कशावरून?"

 हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही, हजार वेळा सुचलं असणार. पण स्वतःच्या तोंडून ते पळवाटेसारखं वाटत असेल.

"कशावरूनच नाही," शेवटी बाबा म्हणाले. "पण कुणीतरी आपल्या अंगावर घ्यायलाच हवं होतं ना. नाहीतर तो गेला तो नुसताच गेला असता." मग काकांकडे वळून हळूच म्हणाले, "तू मला कधी बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललास?"

बाबांनी टेबलावरून एक मोठी चादर उचलली. तिचं एक टोक काकांच्या हातात दिलं. काका उठले, काठी टेबलाला टेकवली आणि दोघं चादर ताणून उभे राहिले. काठ काठाला लागले, बाबा दोन पावलं पुढे गेले, काका दोन पावलं पुढे आले.   चादर थप्पीवर गेली तेव्हा मी बाबांच्या जवळ गेले. बाविसाव्या वर्षी मी ओरडून विचारलं होतं. या वेळी हळूच विचारलं.

"बाबा, तार आली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाळता येण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"इतका आनंद झाला होता की हात माझे राहिले नव्हते," ते म्हणाले. "तेच तर. थोडा कमी झाला असता, तर मी पहिल्यापासून सुरू केलं की नाही ते मला आठवलं असतं." मग म्हणाले, "दरवर्षी तो दिवस आला की तू समोर दिसायचीस आणि मला तसाच आनंद व्हायचा. मग त्या पोराच्या आईबापांची आठवण यायची. मला तिथे उभं राहवायचं नाही."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. डाव्याकाकांनी घाईघाईनं मांडणीवरचा एक टॉवेल काढून माझ्यापुढे धरला. "तो ऑपरेशनचा आहे," बाबा म्हणाले आणि तो काढून घेऊन मला खिशातला रुमाल दिला.

उरलेल्या चादरी टेबलावर तशाच होत्या. बाबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दिवा मालवला. आम्ही तिघं रिक्षानं घरी आलो, तेव्हा जेमतेम दुपारचे बारा वाजत होते. आईनं दार उघडलं. तिचे डोळे लाल होते. बाबांना त्या वेळी दारात पाहून ती गोंधळली.

"आज इतक्या लवकर कसे आलात?"

"अगं, पोरीचा वाढदिवस आहे आज," बाबा म्हणाले, जणू तिलाच ठाऊक नव्हतं.